खोड सांगून विकलेली गाडी

माझ्याकडं स्पोर्ट्स कार होती असं म्हणलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडं बघतो, मग पोटाकडं, आणि मग विचारतो, "कुठली?" मी म्हणतो सॅन स्टॉर्म. त्यावर तो "आँ?" करतो. मग मी मोबाईल काढून फोटो दाखवतो आणि तो म्हणतो, "हां हां, ही होय, ही मी आपल्या सोलापुरात सात रस्त्याला बघितलीय, पिक्चरवाल्यांची वाटली."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1998 च्या सुमारास गोव्यात बनायला लागलेली दोन सीटची छोटी गाडी, फायबरची बॉडी, छप्पर काढता येणारं, आणि आत रेनॉचं 1149 सीसीचं पेट्रोल इंजिन. ताकद साठेक हॉर्सपॉवर. म्हणजे आजची साधी स्विफ्टसुद्धा पुणे हायवेला हिला हॉर्न देऊन पुढं निघून जाते, आणि स्विफ्टवाला जाताना काच खाली करून अंगठा दाखवतो, ते वेगळंच. पण स्पोर्ट्स कार म्हणजे स्पीड हे ज्याच्या डोक्यात आहे त्यानं कधी जमिनीपासून वीतभर वर बसून अक्कलकोट रोडला गाडी चालवलेली नसते. साठच्या स्पीडला शंभरवर असल्यासारखं वाटतं. सिग्नलला शेजारी ट्रक थांबला की आपले डोळे बरोबर त्याच्या चाकाच्या नटांसमोर येतात. थंडीत सकाळी छप्पर काढून तुळजापूरकडं निघालं की दोन्ही बाजूच्या ज्वारीचा वास थेट गाडीत येतो, आणि हुरड्याच्या दिवसात तर काय सांगायचं.

एका वर्षी आमचा शाळांचे युनिफॉर्म शिवायचा सीझन जरा बरा गेला होता तेव्हा ही 2004 ची गाडी पुण्यातून सेकंडहॅन्ड घेतली. का घेतली हे घरात अजून कुणाला पटवून देता आलेलं नाही. ते असो. विकायची वेळ का आली हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. ज्या शेडमधे ती उभी होती तिथं शिलाईच्या दोन ओव्हरलॉक मशीन बसवायच्या होत्या.

आता खऱ्या विषयाला येतो. गाडी जुनी होती, आणि तिच्यात काय काय बिघडलंय हे मला पाठ होतं. कंपनीला नावं ठेवायचा प्रश्न नाही, वीस वर्षं झालेल्या आणि आयुष्याचा मोठा भाग सोलापूरच्या उन्हात काढलेल्या कुठल्याही मशीनला जे होतं तेच हिला झालं होतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती गरम व्हायची. मे महिन्यात इथं पारा 43-44 ला टेकतो, अशात आसरा चौकात दुपारी दोन सिग्नल लागोपाठ लागले की काटा चढायला लागायचा आणि माझी नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली हळूहळू रिकामी व्हायची आणि खाली फरशीवर मात्र एक थेंब नाही. ज्याला गाड्यांमधलं कळतं त्याला इथंच कळलं असेल. पाणी बाहेर जात नाही म्हणजे ते आत जातंय. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर पांढरा धूर, त्याला जरा गोडसर वास, आणि रेस केली की कूलंटच्या बाटलीत बुडबुडे. होटगी रोडचे आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे उस्तादच म्हणतात, त्यांनी बॉनेट उघडून मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, "गॅस्केट है, और क्या."

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधली एक पातळ चकती. दिसायला काही नाही, पण सिलेंडरमधल्या स्फोटाचा दाब, ऑइल आणि पाणी या तिघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं काम ती एकटी करते. इंजिन एकदा जास्त तापलं की ॲल्युमिनियमचं हेड अगदी केसभर वाकतं, डोळ्याला दिसतही नाही, पण तेवढ्या फटीतून दाब पाण्यात घुसायला लागतो. मग नुसती नवीन गॅस्केट टाकून भागत नाही, हेड वर्कशॉपला नेऊन फेसिंग करून घ्यावं लागतं, म्हणजे थोडं घासून सपाट करायचं. आणि हे किती वेळा करता येतं त्यालाही मर्यादा आहे, कारण दर वेळी हेड पातळ होतं आणि कॉम्प्रेशन वाढत जातं. माझ्या गाडीचं एकदा झालेलं होतं.

दुसरं, थर्ड गिअर. सेकंडमधून घाईत थर्ड टाकला की खर्रर्र. आतल्या सिंक्रो रिंगा झिजल्या होत्या. ही पितळेची रिंग दोन वेगवेगळ्या वेगानं फिरणाऱ्या भागांना घासून घासून एका वेगावर आणते आणि मग गिअर गुपचूप बसतो, ती झिजली की ते काम ड्रायव्हरनं करायचं, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून परत दाबून मग थर्ड, जुन्या एसटीचे ड्रायव्हर करायचे तसं. मला त्याची इतकी सवय झाली होती की बायकोच्या गाडीतही माझा पाय दोनदा जायचा. तिसरं, डावीकडची काच मधेच अडकायची. चौथं, पुढच्या डाव्या मडगार्डला फायबरला तडा गेला होता, तो डेंटरकडं नेला तर त्यानं हातच लावला नाही, पत्रा असता तर ठोकला असता म्हणाला, फायबरला काय ठोकायचं. शेवटी मिरवणुकीचे देखावे आणि फायबरचे पुतळे करणाऱ्या एका कारागिरानं मॅट आणि रेझिन लावून तो तडा असा भरला की बाकीचं मडगार्ड त्याच्यापुढं कच्चं वाटायला लागलं. आणि पाचवं म्हणजे छप्पर गळायचं. याची मी मजाच करायचो, कारण सोलापुरात पाऊस पडतोच कितीसा, गळून गळून किती गळणार.

तर एवढी सगळी यादी घेऊन मी आधी गेलो एका एजंटकडं. जुन्या गाड्यांचा जुना माणूस, बोलायला गोड. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवर बसला, उठताना "आई गं" म्हणाला, आणि मी यादी सांगायला लागलो तसा दुसऱ्याच वाक्याला हात वर केला.

"मालक, हे मला सांगितलं ते ठीकाय, दुसऱ्या कुणाला सांगू नका."

"का ओ?"

"गॅस्केट म्हणलं की गिऱ्हाईक पळतंय. असल्या गाडीला हौशी गिऱ्हाईक येतंय, हौशी माणसाला घाबरवायचं नसतंय. तुम्ही फक्त चावी द्या, तीन लाखाला काढून देतो."

आणि मग त्यानं चहा मागवून मला जे ज्ञान दिलं ते इथं मुद्दाम लिहितोय, कारण जुनी गाडी घेणाऱ्याच्या कामाला येईल. रेडिएटर गळत असेल तर हळद टाकतात, ती फुगून बारीक फटी बुजवते, आठवडाभर काम भागतं. इंजिन खडखडत असेल तर जाड ऑइल भरतात, आवाज बसतो. गिअरबॉक्स ओरडत असेल तर पूर्वी लाकडाचा भुसा घालायचे, आता तेवढं कुणी करत नाही म्हणाला, मला त्याच्या चेहऱ्यावरून खात्री वाटली नाही. इंजिन डिझेलनं धुऊन चकाचक करतात म्हणजे गळती कुठून आहे ते कळत नाही, त्यामुळं वीस वर्षाच्या गाडीचं इंजिन आरशासारखं चमकत असेल तर खुश होऊ नका, संशय घ्या. आणि सगळ्यात साधी युक्ती म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवणे. थंड इंजिन खोटं बोलत नाही, गरम इंजिन बरंच काही लपवतं. म्हणून बघायला जाताना सांगून जाऊ नका, किंवा गेल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा.

मी म्हणलं विचार करून सांगतो. तो म्हणाला, "विचार काय करायचाय त्यात?"

विचार करायला मी पार्क चौकात माझ्या शाळेतल्या मित्राबरोबर बसलो, जो आता वकिली करतो. त्याला म्हणलं, समजा मी काही बोललोच नाही तर? खोटं नाही बोलायचं, फक्त गप्प बसायचं. तो हसायला लागला आणि म्हणाला, तुझा प्रश्न 1872 सालीच विचारून झालाय बे. मग त्यानं त्या सालच्या करार कायद्याचं कलम 17 काढलं. फसवणूक म्हणजे काय ते सांगणारं कलम, आणि त्याच्याखाली उदाहरणं दिलीयत, त्यातली पहिली तीन एका घोड्याची आहेत. मी ती पहिल्यांदाच ऐकली.

पहिलं असं. अ आपला घोडा लिलावात ब ला विकतो. घोड्यात दोष आहे हे अ ला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो ही फसवणूक नाही. दुसरं, ब ही अ ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झालीय, तर मात्र सांगणं हे अ चं कर्तव्य आहे. तिसरं, ब म्हणते, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष आहे असं धरून चालेन, आणि अ गप्प बसतो. इथं गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

"म्हणजे अनोळखी माणसाला गप्प बसून विकली तर चालतंय?" मी.

"कागदावर चालतंय. पण सोलापुरात गाडी बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो सांग."

मी हसलो. "काय काम नाही ना मालक गाडीत?"

"झालं मग. गप्प बसायला तुला देतंय कोण?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. कायद्यातल्या त्या लिलावात अ आणि ब ला एकमेकांशी बोलायची गरज पडली नाही, आपल्याकडं चहा पाजल्याशिवाय व्यवहार होत नाही आणि चहा पिताना गप्प कोण बसतं. पण खरं सांगायचं तर त्या घोड्यानं मला कायद्यापेक्षा आबांची आठवण जास्त करून दिली.

आबा म्हणजे माझे आजोबा. मंगळवेढ्याकडचे, खिलार बैलांचे नादी. त्यांच्या दावणीला कायम एक तरी जोडी असायची आणि ती सांगोल्याच्या बाजारात नाहीतर गड्ड्याच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात कधी घ्यायची कधी विकायची चालायचं. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, हेडी म्हणजे जनावरांचा दलाल येतो, दोघांच्या हातावर टॉवेल टाकतो आणि टॉवेलखाली बोटं धरून भाव ठरतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. भाव असा लपून, पण खोड मात्र उघड्यावर सांगायची, निदान आबा तरी सांगायचे. गिऱ्हाईकानं जबडा उघडून दात बघायच्या आधीच ते म्हणायचे, "चार दाती हाय, पण उजव्या अंगाला जुपला तर चालत न्हाई, आणि पाण्याला बुजतो." मी लहान होतो, मला वाटायचं आबा किती सरळ माणूस. पुढं चुलत्यांनी हसत हसत सांगितलं की बारक्या खोडी मोठ्यानं सांगितल्या की मोठ्या खोडीकडं लक्ष जात नाही, हे आबांना कुणीतरी हेड्यानंच शिकवलं होतं. खरं काय ते आबांनाच माहीत. ते काही लपवत होते का, हे आता कुणाला विचारणार? पण एवढं आठवतंय की त्यांच्याकडून बैल नेलेली माणसं परत यायची आणि भांडायला यायची नाहीत.

तर मी ठरवलं की सगळं लिहायचं. ऑनलाइन जाहिरात टाकली, फोटो टाकले, त्यात तड्याचा फोटो पण टाकला, आणि खाली ओळीनं लिहिलं. हेड गॅस्केट गेलीय, हेड एकदा फेसिंग झालंय, थर्ड गिअर घासतो, डावी काच अडकते, मडगार्ड दुरुस्त केलंय, छप्पर गळतं. दुसऱ्यांदा पासिंग करून घेतलंय, ग्रीन टॅक्स भरलाय. (खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं आणि मग फिटनेस बघून दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं, आणि एप्रिल 2022 मधे त्या रिन्युअलची फी 600 ची 5,000 झाली, हे माहीत नसलेले लोक जुनी गाडी स्वस्तात घेतात आणि नंतर डोक्याला हात लावतात.) किंमत 2 लाख 40 हजार.

मला वाटलं होतं आता कुणी फोन करणार नाही. उलट फोनच फोन. पण ते फोन कसले होते ते ऐका.

काही जण "लास्ट प्राइस?" एवढंच. त्यांनी वाचलंच नव्हतं. एक पोरगं प्रीवेडिंगच्या शूटिंगला भाड्यानं मिळेल का म्हणून विचारत होतं, त्याला म्हणलं गरम होते, तो म्हणाला चालवायची नाहीय काका, नुसती उभी करायचीय. एक जण जुळे सोलापुरातून संध्याकाळी बघायला आला, सोबत चार मित्र, सगळ्यांनी एकेक करून बसून सेल्फी काढले आणि विचार करून सांगतो म्हणून गेले. आणि एक मोठा गट असा निघाला ज्याची मला अजिबात कल्पना नव्हती. हे लोक यादी नीट वाचून फोन करायचे आणि म्हणायचे, "मालक, एवढं सांगितलंय तुम्ही, मग अजून काय आहे ते पण सांगा की." मी म्हणायचो एवढंच आहे. तर पलीकडून अविश्वासाची शांतता. एकानं तर तोंडावर सांगितलं, जो माणूस एवढं लिहितो तो काहीतरी मोठं दाबून ठेवतोय. म्हणजे चुलते जे आबांबद्दल म्हणायचे तेच हा मला फोनवर म्हणत होता. गप्प बसलो असतो तर त्यानं विश्वास ठेवला असता, सगळं सांगितलं म्हणून संशय.

एजंट मधेच एकदा भेटला, नवी पेठेत. जाहिरात त्यानं बघितली होती. "मालक, तुम्ही जाहिरात दिली नाय, पोस्टमार्टम रिपोर्ट दिला," म्हणाला.

त्यापेक्षा घरातलं बोलणं जास्त लागलं. एका रविवारी मी फोनवर कुणाला तरी थर्ड गिअरचं प्रकरण सविस्तर समजावत होतो, डबल क्लच कसा मारायचा, कुठल्या स्पीडला मारायचा, पंधरा-वीस मिनिटं. फोन ठेवल्यावर बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "अहो, तुम्ही गाडी विकताय का गिऱ्हाईक पळवताय?"

मी म्हणलं, "खरं सांगतोय, त्यात काय?"

"खरं सांगायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही ज्या प्रेमानं सांगताय ना, ऐकणाऱ्याला वाटतं ह्या माणसाकडून ही गाडी काढून घेणं पाप आहे."

मी वाद घातला. पण तिचं अर्धं बरोबर होतं, अर्धंच. मला ती विकायची नव्हती असं नाही, मशीनची ऑर्डर दिलेली होती, ॲडव्हान्स गेला होता. पण माझ्या डोक्यात असा एक माणूस होता जो येईल, गॅस्केट ऐकून घाबरणार नाही, स्वतः हेड उघडेल, स्वतः फेसिंग करून आणेल. आणि असा माणूस सोडून दुसरा कुणी येऊ नये म्हणून मी दारात यादी घेऊन बसलो होतो. हा प्रामाणिकपणा आहे का निवड आहे हे मला सांगता येणार नाही. एजंटला विकायची होती, मला ती द्यायची होती, आणि बायकोला शेड मोकळं हवं होतं. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं.

शेवटी आला तो माणूस कोल्हापूरचा. साठीच्या आसपासचा, आयुष्य फौंड्रीत गेलेलं, हात बघूनच कळत होतं. आधी सांगून आला नव्हता, सकाळी साडेसातला दारात उभा. गाडी अर्थातच थंड होती. मला आनंदच झाला, म्हणलं याला कळतंय. त्यानं पहिलं काय केलं तर बॉनेट उघडलंच नाही. मी गॅस्केटचं सुरू केलं तर म्हणाला, "ते सोडा हो साहेब, इंजिन मला नकोय."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. त्याच्याकडं हीच गाडी आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स एक नंबर, स्वतः बांधलेलं, पण मागं येणाऱ्या टेम्पोनं तिला भिंतीत दाबली, बॉडी आणि सांगाडा दोन्ही गेलं. त्याला हवी होती सरळ बॉडी, दारं, काचा, छप्पर, लाइटा आणि खालचा सांगाडा. माझं इंजिन तो भंगारात टाकणार होता.

खरं सांगतो, मला राग आला. एवढे दिवस ज्या गॅस्केटपायी मी लोकांशी, घरच्यांशी, वकिलाशी बोललो, कलम 17 वाचलं, ती या माणसाच्या हिशोबातच नव्हती. थर्ड गिअर पण नव्हता. मडगार्डचं काम बघून मात्र तो खुश झाला, बोट फिरवून म्हणाला, कुणी केलंय हे, नंबर द्या.

मग त्यानं चटई मागितली, शहाबादी फरशीवर अंथरली आणि गाडीखाली उताणा झोपला. हातात बॅटरी आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर. बराच वेळ नुसतं टकटक ऐकू येत होतं. टक टक टक, आणि मग एका ठिकाणी टकचा आवाज बदलला. बद्द. परत बद्द. बाहेर आला, कपडे झटकले, ड्रायव्हर सीट पुढं सरकवली, खालचं कार्पेट उचललं आणि मला बोलावलं. कार्पेटच्या खाली ओल नव्हती, पण ओल कितीतरी वेळा येऊन गेल्याची खूण होती. त्या खालची लोखंडी पट्टी गंजून पोकळ झाली होती. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आत गेला.

"फायबर गंजत न्हाई म्हणून लोकं निवांत असतात," तो म्हणाला, "पण फायबर उभं असतंय लोखंडावरच की."

म्हणजे छप्पर. गळून गळून किती गळणार म्हणून ज्याच्यावर मी हसायचो ते छप्पर. सोलापुरात पाऊस कमी हे खरं, पण जे पाणी आत आलं ते कार्पेटखाली बसून राहिलं, वरून वाळल्यासारखं दिसायचं आणि खाली काम चालू. माझ्या यादीत ही खोड सगळ्यात शेवटी होती, आणि तीही हसत लिहिलेली. आणि या माणसाला जे घ्यायचं होतं नेमकं त्यालाच ती लागली होती.

"हे लिहिलं नव्हतं तुम्ही," तो म्हणाला.

"मला माहीतच नव्हतं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हा पण तेच म्हणणार, मोठं दाबून ठेवलंय म्हणून. पण तो म्हणाला, "माहीत असतं तर लिहिलं असतं. गॅस्केट लिहिणारा माणूस हे कशाला लपवेल?" आणि चहा मागितला.

त्यानंतर भावाचं बोलणं झालं. पट्टी कापून नवीन वेल्ड करावी लागेल, त्याचे किती, गाडी उचलून नेण्याचे किती, इंजिन भंगारात गेलं तर परत किती येतील, सगळं त्यानं माझ्यासमोर बोटावर मोजलं, टॉवेल न टाकता. 1 लाख 65 हजारावर आलं. मी भंगाराच्या जागी एक अट घातली, इंजिन कापू नका, कुणाला हेड किंवा ब्लॉक लागत असेल तर द्या. बघतो म्हणाला. देईल का नाही माहीत नाही, पण माझ्याकडून सांगून झालं.

कागदपत्रांचं मात्र मी कुणाचं ऐकलं नाही, आणि इथं जरा उपदेश करतो, सहन करा. लोक गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून कोरेच एजंटला देतात आणि गाडी गेली म्हणून मोकळे होतात. गाडी जाते, नाव राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात 14 दिवसात आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसात. आणि 2018 मधे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्टच सांगितलं की रजिस्टरला ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच डोक्यावर. त्या केसमधे गाडी एका हातातून दुसऱ्या हातात अशी पुढं पुढं विकली गेली होती, रेकॉर्डला नाव मात्र पहिल्याचंच. म्हणून मी फॉर्म पूर्ण भरून, तारीख टाकून, आधारची झेरॉक्स घेऊन, शिवाय साध्या कागदावर सगळ्या खोडी लिहून त्याची सही घेतली. गंजलेली पट्टी पण लिहिली, त्यानंच सांगितलेली, त्याच्याच सहीनं. तो हसला, म्हणाला, "माझी खोड मलाच विकलासा की ओ."

गाडी टोइंगवर चढवली आणि मंगळवेढा-सांगोल्याच्या रस्त्यानं गेली. पैसे त्याच दिवशी खात्यावर आले, मशीन आल्या, शेडमधे बसल्या, आणि जूनच्या आधीची शाळांची ऑर्डर वेळेत निघाली. नाव ट्रान्सफर झाल्याचं ऑनलाइन दिसलं तेव्हा मी इन्शुरन्सवाल्यालाही कळवून टाकलं.

मग परवा एजंटचा फोन. कुठून तरी त्याला कळलं होतं.

"मालक, गेली म्हणं गाडी. कितीला?"

सांगितलं.

"अर्र. मी तीनला काढून देत होतो." मग थोडा वेळ थांबून, "काय ओ, ते कोल्हापूरचे गिऱ्हाईक, हौशी दिसतंय. नंबर द्या की त्यांचा. माझ्याकडं एक जिप्सी आलीय, मस्त आहे, त्यांना आवडंल."

मी विचारलं, "काय काम आहे का जिप्सीत?"

"छे ओ मालक. काय नाही. सेल मारायचा आणि निघायचं."